खाज कुठे सुटते ते आधी सांगा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी गरोदर बायकांची निघाली आणि जवळजवळ सगळ्यांचं विचारणं एकच: तोंडाला काय लावू, पोटाला काय लावू, घरचंच काहीतरी सांगा. नव्या वाचकांसाठी एवढं सांगते की मी यवतमाळ जिल्ह्यात ३१ वर्षं उपकेंद्रावर नर्सबाई होते. डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरचं काम आहे तिथे तसं सांगून मोकळी होते. पहिलं पत्र तसलंच आहे.

“बायकोले आठवा महिना हाय. सात-आठ दिवसांपासून रातभर झोपत नाही. तळहात अन् तळपाय खाजवत बसते, ओलं फडकं गुंडाळून घेते. आंगावर पुरळ-बिरळ काहीच नाही. घरगुती लेप सांगावा.” (एक शेतकरी, ता. केळापूर)

दादा, पत्राखाली तुम्ही फोन नंबर लिहिला ते फार बरं केलं. पत्र हाती आलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन लावला आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं बाईंना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्या म्हटलं, ते तुम्ही ऐकलं. इथे उत्तर छापते आहे ते बाकीच्यांसाठी.

या खाजेला लेप नाही. सातव्या महिन्यानंतर तळहात-तळपाय खाजायला लागले, रात्री जास्त, आणि कातडीवर खाजवल्याच्या ओरखड्यांशिवाय काही दिसत नसलं, तर दुखणं कातडीचं नसून लिव्हरचं असू शकतं. पित्त नीट वाहून जात नाही, त्यातले क्षार रक्तात साठतात आणि बाईला खाज सुटते. आईला त्रास मुख्यतः खाजेचाच, पण पोटातल्या बाळाच्या जिवाला यात धोका असतो. रक्ताच्या दोन तपासण्या असतात, लिव्हर फंक्शन आणि बाईल अ‍ॅसिड. त्या पाहून डॉक्टर गोळ्या देतात, बाळावर लक्ष ठेवतात आणि कधीकधी बाळंतपण थोडं आधीच करवतात. बाळंत झाली की खाज जाते. पुढच्या खेपेला परत येऊ शकते, म्हणून तेव्हा पहिल्या तपासणीतच सांगायचं. सोबत लघवी गडद होत असेल, शौचाला पांढुरकं होत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर त्याच दिवशी निघायचं. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, पण या खाजेसाठी ९ तारखेची वाट पाहू नका.

हे मला नोकरीला लागले त्या दिवसापासून माहीत होतं असं कोणी समजू नका. १९९८ साली, पोळ्याच्या सुमाराला, एक बाई उपकेंद्रावर आली. तिसरी खेप, दिवस भरत आलेले. “शिस्टर, हातापायाची लय आग होते, खाजवते.” पावसाळ्याचे दिवस, ही रोज निंदणाला जाणारी. मला वाटलं चिखल्या झाल्या असतील. पाय नीट पाहिलेसुद्धा नाहीत. खोबरेल तेलात कापूर घालून लाव म्हटलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. दहा दिवसांनी गावातली दाई मला रस्त्यात अडवून म्हणाली, “बाई, तिचे डोये पाहा, पिवये दिसून राह्यले.” मग जीप मिळवून तिला जिल्ह्याला पाठवलं. लेकरू लहान झालं पण जगलं. त्याचं श्रेय दाईचं. कापरासारखी जहाल वस्तू गरोदरपणात अंगभर चोळू नये, हेही मला नंतर कळलं. तेव्हापासून कोणीही खाज म्हटलं की मी आधी विचारते, कुठे? मग विचारते, दिवसा की रात्री?

“सिस्टरबाई, मले पाचवा महिना आहे. मोबाईलवर पाहून मी तीन गोष्टी कराचं ठरवलं. तोंडाले लिंबू-बेसन, आंगाले हळद-साय अन् पोटाले ‘बेली बटर’. त्यात शिया बटर सांगतात, ते हिंगणघाटात कोठीच भेटत नाही. सासूबाई म्हणतात पोट खाजवू नको, रेघा पडतीन. आई म्हणते हळद लाव, लेकरू गोरं होते. कोनाचं आयकू?” (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

पोरी, तुझं पत्र वाचून मला माझं पहिलटपण आठवलं. १९८९ चा वैशाख. मोबाईल नव्हता, शेजारची वहिनी होती. ती म्हणाली, लिंबाची फोड तोंडाला आणि मानेला चोळ, काळपटपणा निघून जाईल. चोळली. तोंड धुतलं, मानेचं राहिलं, आणि तशीच गच्चीवर कुरडयांच्या वाळवणाला राखण बसले. दोन दिवसांनी मान भाजल्यासारखी लाल झाली आणि आठवड्यात कानाखालून गळ्यापर्यंत तपकिरी डाग उमटला, नेमका लिंबाचा रस ओघळला होता त्या आकाराचा. खाली येता येता निमुळता होत गेलेला. सासूबाईंनी ते पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, “गिरनात काही चिरलं होतं काय वं?” ग्रहण वगैरे काही नव्हतं. लिंबाच्या रसात आणि सालीत अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन पडलं तर कातडी पोळते आणि डाग राहतो. माझा डाग जायला दिवाळी उजाडली. गरोदरपणात कातडी आधीच काळसर व्हायला टपलेली असते, त्यात आपल्याकडचं ४४-४५ अंशाचं ऊन. तेव्हा लिंबू तोंडाला बंद. मोबाईलवर खायचा सोडाही लावायला सांगतात. तोही नको. आपली कातडी जराशी आंबट असते आणि त्या आंबटपणावरच ती निरोगी राहते. सोडा ते मोडतो.

बेसन मात्र चालेल. दोन चमचे बेसन, भिजेल इतकं दूध. लावायचं आणि ओलं असतानाच धुऊन टाकायचं. वाळून पापुद्रा धरेपर्यंत बसून मग खरवडत काढतात ना, त्यानं कातडी सोलते. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पुरे.

आता हळद. तू समुद्रपूर तालुक्यातली, म्हणजे वायगाव तुझ्या शेजारी. ज्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय ती तुझ्या तालुक्यात पिकते आणि तू मला हळदीचं विचारतेस! ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं घे आणि गिरणीत स्वतः उभी राहून दळून आण. मी एवढी मागे लागते त्याला कारण आहे. बाजारात सुटी मिळणारी हळद कधीकधी जास्तच झगझगीत पिवळी असते. रंग यावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. लेड म्हणजे शिसं. कातडीतून ते फारसं आत जात नाही हे खरं, पण लेपासाठी आणलेली हळद उद्या वरणात पडते, आणि पोटात गेलेलं शिसं नाळेतून बाळापर्यंत पोचतं. बाळाच्या मेंदूला ते वाईट. घरच्या दळलेल्या हळदीची चिमूट सायीत कालवून हातापायाला लावलीस तर माझी काही हरकत नाही. साय त्याच दिवशीची घे, आंबूस वास आला की टाकून दे, आणि लावल्यावर चांगली धुऊन काढ, नाहीतर उन्हाळ्यात घामोळ्या उठतात.

आणि आईला सांग, लेकरू तुमच्या दोघांच्या वळणावर जाणार. वरून चोळलेली हळद त्याच्या कातडीपर्यंत जात नाही, दुधात घातलेलं केशरही नाही. केशराचे पैसे वाचव, अंडी घे. (मी हे ३१ वर्षं सांगत आले. ओटीभरणाला केशराची डबी देणाऱ्या बायका अजून कमी झालेल्या नाहीत.)

राहिलं ते शिया बटर. शियाचं झाड आफ्रिकेतलं. पण गंमत अशी की ते आपल्या मोहाच्याच कुळातलं आहे, चिकूही त्याच कुळातला. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे मोहाच्या बियांना टोळी म्हणतात. तिचं तेल काढतात, ते थंडीत तुपासारखं घट्ट बसतं. माझ्या एका मैत्रिणीच्या माहेरी आरमोरीकडे हिवाळाभर हातापायाच्या भेगांना हेच लावायचे. वास उग्र असतो, तुला मळमळ होत असेल तर सोसायचा नाही. आणि ओळखीच्या घाणीवरचं मिळत असेल तरच घे. नाही मिळालं तर खोबऱ्याचं किंवा तिळाचं तेल, काही अडत नाही. जवसाचं मात्र लेपात घालू नको. ते हवेनं लवकर खवट होतं.

बटर घरी करायचं तर असं कर. चार चमचे तेल, एक चमचा किसलेलं मधमाशीचं मेण. मेण म्हणजे पोळ्यातलं, मेणबत्तीचं नाही. पातेल्यात पाणी उकळत ठेव, त्यावर स्टीलची वाटी, वाटीत दोन्ही घाल. मेण विरघळलं की उतरव आणि धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेल्या काचेच्या बरणीत ओत. थंड झालं की घट्ट होतं. मेण कमी घेतलंस तर मे महिन्यात त्याचं परत तेल होईल, म्हणून आपल्याकडे चारास एक. बरणीत पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, बोटंसुद्धा कोरडी. मोबाईलवाल्या बाया त्यात गुलाबपाणी आणि कोरफडीचा गर घालतात. पाणी पडलं की त्यात जंतू आणि बुरशी धरते, दिसो न दिसो. दुकानातल्या क्रीममध्ये ते होऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं, आपल्याकडे ते नाही. कोरफड हवीच असेल तर पान कापून अर्धा तास उभं ठेव. पिवळा चीक निथळून गेला की आतला पांढरा गर वेगळा ताजा लाव, उरलेला फेकून दे. तो चीक कातडीला खाजरा. आणि कोरफड पोटात तर या दिवसांत घ्यायचीच नाही, जुलाब होतात.

पहिल्यांदा काहीही लावताना कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत लाव आणि दोन दिवस थांब. घरचं आहे म्हणून कातडी ऐकत नाही.

बरणीवरून आठवलं म्हणून सांगते. निवृत्तीच्या आधी एक सून माझ्याकडे पोटाला लावायचं तेल दाखवायला आली होती. तेल चांगलं, घाणीचं. बाटली उघडली आणि माझ्या नाकात फवारणीचा वास गेला. कपाशीच्या औषधाची रिकामी बाटली तिनं तीनदा निरम्यानं धुतली होती. लेबल काढलेलं, झाकणाच्या आट्यांत मात्र पांढरी पूड अडकून होती. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतमजूर दगावले, तरी त्या बाटल्या घराघरांत आहेत, कारण झाकण घट्ट बसतं. ते विष कातडीतून आत जातं आणि तेल तर त्याला सोबत घेऊनच जातं. तेलाला लोणच्याची बरणी घे बाई.

आणि रेघा. सासूबाईंना दुखवू नको, पण खाजवल्यानं रेघा पडत नाहीत. कातडी झपाट्यानं ताणली जाते तेव्हा तिच्या आतले धागे तुटतात, त्या त्या रेघा. आधी लालसर-जांभळ्या, पुढे चंदेरी. निम्म्याहून जास्त बायकांना पडतात. तुझ्या आईचं पोट बघ, तिला असतील तर तुलाही बहुतेक पडतील. रेघा नक्की थांबवील असं एकही तेल किंवा क्रीम अजून सापडलेलं नाही, महागातलं धरून. मग बटर कशाला करायचं? ताणलेली कातडी कोरडी पडते, चुरचुरते, त्याला आराम पडतो म्हणून. आंघोळीचं पाणी कोमट ठेव, अंग जरा ओलसर असतानाच बोटांनी लाव, जोरानं चोळू नको. बेंबीखालून उभी काळी रेघ येईल तिला घाबरू नको, ती बाळंतपणानंतर आपोआप पुसट होते. आणि खाज पोटावरून हातापायाच्या तळव्यांकडे सरकली, तर वरच्या दादांचं उत्तर परत वाच.

“सहावा महिना आहे. दोन्ही गालांवर वांग आले. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, आठ दिवसांत फरक पडला. चालू ठेवू का?” (ता. दर्यापूर)

बंद करा. आज. ट्यूब फेकू नका, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. आठ दिवसांत वांग उजळवणाऱ्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे ते, आणि यातली पहिली दोन गरोदरपणात टाळायचीच असतात. तुम्ही आठ दिवस लावलं म्हणून बाळाला काही झालं असं मनात धरू नका, पण पुढे नको.

बिनलेबलची गोरेपणाची डबी कोणी ब्युटी पार्लरमधून दिली तर तीही नको. अकोल्याच्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशाच क्रीमनं बिघडली. मुंबईच्या केईएममध्ये तपासलं तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी पेपरात होती.

वांग हे गरोदरपणातल्या हार्मोनमुळे येतं आणि उन्हानं गडद होतं. यावर घरी करण्यासारखं एकच आहे, दहा ते चार शक्यतो सावलीत राहायचं आणि बाहेर पडताना डोक्यावरून पदर ओढून गालापर्यंत सुती दुपट्टा बांधायचा. लेप नाही. खोबरेलानं ऊन अडतं म्हणतात, त्यानं काही भागत नाही. विकत घ्यायचंच तर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या, ते या दिवसांत चालतं. बाळंतपणानंतर काही महिन्यांत वांग बरेचसे फिके होतात. पूर्ण जातीलच असं मी सांगत नाही, माझ्या डाव्या गालावर थोडा अजून आहे.

“सुनेसाठी मुलतानी माती आणून ठेवली होती तोंडाला लावायला. डबा पंधरा दिवसांत संपला. माझ्या लक्षात आलं की ती खाते. रागावू का?” (एक सासू, ता. आर्णी)

रागावू नका हो. तुम्ही लक्ष दिलं आणि पत्र लिहिलं, एवढं सगळ्या सासवा करत नाहीत. माती, खापर, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे बऱ्याचदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. माझ्याकडे एक बाई यायची ती नव्या मडक्याचा तुकडा कमरेच्या बटव्यात ठेवायची, सुपारीसारखा. हिमोग्लोबिन साडेसहा निघालं.

तुमच्या सुनेचं तपासून घ्या. ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. आशाताई लाल गोळ्या देतात, लोह ६० मिलिग्रॅम आणि सोबत फोलिक अ‍ॅसिड, चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. तपासणीत रक्त कमी निघालं तर डॉक्टर डोस वाढवतात. गोळी चहासोबत घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही. लिंबूपाण्यासोबत घ्यावी, लोह चांगलं लागतं. लिंबाची जागा ती. शौचाला काळं होईल, त्यानं गोळी बंद करू नये. मातीतून शिसं आणि आर्सेनिक पोटात जाऊ शकतं, म्हणून डबा घरातून हलवा. तोंडाला लावायला ती माती वाईट नाही, तेलकट कातडीला बरी असते, पण तिच्या हाताशी आत्ता नको.

“सातव्या महिन्यात ओटीभरण आहे. मेंदी काढली तर चालते का?” (ता. पुसद)

घरच्या पाल्याची वाटून लावलेली मेंदी चालते. रंग केशरी-तांबडा येईल आणि रात्रभर ठेवावी लागेल. अर्ध्या तासात काळीभोर रंगणारे कोन मिळतात ते नकोत, त्यात केस काळे करायचं रसायन असतं. हात फोडांनी भरलेल्या दोन नवऱ्या मी पाहिल्यात. मेंदी तळहातावर काढाल तेव्हा आधी विचारून घ्या, तळहात खाजत तर नाहीत ना.